व्याध तारा टिळकांच्या ध्रुवावरून दिसत नाही

ऑगस्टच्या मध्यावर पारशी नववर्ष झालं. माझ्या माहितीत कोडोलीत पारशी घर नाही, तरी त्या दिवशी गावातल्या बऱ्याच फोनवर एकच मेसेज फिरत होता. पारशी धर्म ही वेदांचीच तुटलेली फांदी आहे, लोकमान्य टिळकांनी हे ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथात सिद्ध केलंय आणि आता विज्ञानानेही ते मान्य केलंय, असा त्याचा सारांश. खाली हात जोडलेले, आणि एक पेटती समई.

मला तो शाळेतल्या माझ्या गुरुजींकडून आला. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. दुसऱ्या दिवशी दूध आणायला गेले तर आण्णा कट्ट्यावर बसलेले. म्हणाले, “काय गं, तू जुन्या हवामानावर पीएचडी करतीस न्हवं? मग सांग बघू, लोकमान्यांचं बरोबर हाय का न्हाई?”

मी म्हटलं, “आण्णा, वाचल्याशिवाय कसं सांगू? वाचून सांगते.”

वाचायला सहा रात्री लागल्या. बाहेर पाऊस, मधेमधे लाईट गेलेली, आणि लॅपटॉपवर १९०३ सालच्या पुस्तकाची स्कॅन केलेली पानं. हा लेख म्हणजे आण्णांना द्यायचं उत्तर आहे. सगळ्या पुस्तकाचं परीक्षण करायची माझी लायकी नाही. वैदिक संस्कृत मला येत नाही. पण या पुस्तकात अवेस्ता या पारशी धर्मग्रंथावर एक अख्खं प्रकरण आहे. त्यात आकाश आहे, बर्फ आहे, ऋतू आहेत. तिथे मला थोडं बोलता येईल.

आधी पुस्तकाविषयी

टिळक गणिताचे पदवीधर. १८९३ मध्ये त्यांनी ‘ओरायन’ लिहिलं. वसंतसंपात मृग नक्षत्रात असतानाच्या खुणा वेदांत सापडतात, म्हणून तो काळ इसवी सनापूर्वी ४,००० च्या आसपासचा, असा त्यातला दावा. ‘आर्क्टिक होम’चा पहिला खर्डा १८९८ च्या अखेरचा, म्हणजे राजद्रोहाच्या पहिल्या शिक्षेतून सुटल्यानंतरचा. छापून आलं १९०३ मध्ये. उत्तर ध्रुव ही मानवाची जन्मभूमी, असं अमेरिकेतल्या विल्यम वॉरन यांनी १८८५ मध्येच मांडलं होतं, आणि टिळक ते मान्य करतात. टिळकांचं वेगळेपण पद्धतीत आहे.

ते आधी विचारतात: ध्रुवावर उभं राहिलेल्या माणसाला आकाश कसं दिसेल? सूर्य वर्षातून एकदाच उगवेल आणि एकदाच मावळेल. पहाट अनेक दिवस चालेल. तारे उगवणार-मावळणार नाहीत, क्षितिजाला समांतर गोल फिरत राहतील. ही यादी हातात घेऊन मग ते ऋग्वेदात शिरतात. तिथल्या लांबलेल्या उषा, अंधाराची भीती, दहा महिन्यांचे यज्ञ हे सगळं या यादीशी ताडून बघतात.

मला हे मनापासून आवडलं. आधी कसोटी जाहीर करायची, मग पुरावा तपासायचा, हेच तर आमचे गाईड आम्हाला ओरडून ओरडून शिकवतात. म्हणून मी ठरवलं की टिळकांना टिळकांच्याच कसोटीवर पारखायचं.

आणि एक गोष्ट आण्णांनी नोंदवून ठेवावी. टिळकांचं म्हणणं आर्य बाहेरून, तेही थेट उत्तर ध्रुवाकडून आले असं आहे. टिळकांचं नाव घेऊन ‘आपण सगळे मूळचे इथलेच’ असे मेसेज पाठवणाऱ्यांनी पुस्तक उघडलेलं नाही, एवढं नक्की.

यिमाची गढी

अवेस्तातला ‘वेंदिदाद’ हा भाग टिळकांचा मुख्य साक्षीदार. त्याच्या पहिल्या प्रकरणात अहुर मज्दाने निर्माण केलेल्या सोळा प्रदेशांची यादी आहे. पहिला ऐर्यन वएज, आर्यांचा मूळ प्रदेश. तिथे दुष्ट शक्ती अंग्र मइन्यू हिवाळा आणते: दहा महिने हिवाळा, दोन महिने उन्हाळा.

दुसऱ्या प्रकरणात राजा यिम येतो. भयंकर हिवाळे येणार आहेत, तेव्हा ‘वर’ म्हणजे एक बंदिस्त गढी बांध आणि त्यात माणसं, जनावरं, बियाणं यांचे उत्तम नमुने ठेव, असं अहुर मज्दा त्याला सांगतो. माशाने मनूला प्रलयाची सूचना दिली ती गोष्ट आपल्याला लगेच आठवते. फक्त इथे पाण्याच्या जागी बर्फ आहे. या गढीच्या वर्णनात एक वाक्य येतं. तिथे तारे, चंद्र आणि सूर्य वर्षातून एकदाच उगवताना-मावळताना दिसतात आणि एक वर्ष एका दिवसासारखं वाटतं, असा त्याचा आशय टिळक घेतात.

टिळकांना इथे ध्रुव सापडतो. पहिल्यांदा वाचताना मलाही क्षणभर काटा आला.

पण थांबा. वाक्यात सूर्य एकटा नाही. चंद्र ध्रुवावर वर्षातून एकदा उगवत नाही. तो साधारण दर सत्तावीस दिवसांनी उगवतो, दोन आठवडे वर राहतो आणि मावळतो. म्हणजे वर्षाला तेराएक वेळा. तारे तर ध्रुवावर उगवत-मावळतच नाहीत, आणि हे खुद्द टिळकांनीच सुरुवातीच्या यादीत लिहून ठेवलंय. म्हणजे वाक्यातल्या तीन गोष्टींपैकी एक जुळते आणि दोन जुळत नाहीत. चंद्र-तारे ओघात आले असतील असं म्हणता येईल. म्हणूया. पण मग एकाच वाक्यातला सूर्य शब्दशः घ्यायचा आणि तारे अलंकार म्हणून सोडायचे, हे कुठल्या नियमाने?

शिवाय त्या वाक्याच्या अर्थावरच अनुवादकांचं एकमत नाही. ‘एकदाच दिसतात’ असं काही वाचतात, तर ‘तिथे उणीव फक्त त्यांच्या दर्शनाची’ असं इतर. दुसरा अर्थ घेतला तर चित्र सरळ आहे: गढी बंदिस्त आहे, आत स्वतःचे दिवे आहेत, बाहेरचं आकाश दिसत नाही. त्यासाठी ध्रुवावर जायची गरज पडत नाही.

दहा महिन्यांच्या हिवाळ्याचंही तसंच. पामीरच्या पठारावर किंवा अफगाणिस्तानच्या उंच डोंगरांत राहणाऱ्याला हे वर्णन घरचंच वाटेल. आणि त्या सोळा प्रदेशांतले जे ओळखू येतात ते पाहा: सुग्ध म्हणजे समरकंदकडचा सोग्द, मोउरु म्हणजे मर्व, बाख्धी म्हणजे बल्ख, हरोयु म्हणजे हेरात, हप्त हेंदु म्हणजे आपला सप्तसिंधू. मध्य आशिया ते पंजाब एवढाच हा नकाशा आहे. सैबेरियाच्या टोकाचं एकही नाव त्यात ओळखू येत नाही.

व्याधाचं गणित

अवेस्तात तिश्त्र्य नावाची देवता आहे. ती पांढऱ्या घोड्याच्या रूपात येऊन अपओश या काळ्या घोड्याशी, म्हणजे दुष्काळाशी लढते आणि पाऊस मोकळा करते. इंद्र-वृत्राची कथाच जणू. टिळक या लढाईतही ध्रुवाकडची लांब रात्र बघतात.

बहुतेक अभ्यासकांच्या मते तिश्त्र्य म्हणजे व्याध, आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. मृगाच्या पायाशी दिसतो तोच. इथे मी वही-पेन घेऊन बसले.

व्याध आज खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे १७ अंश दक्षिणेला आहे. त्यामुळे ७३ अंश उत्तर अक्षांशाच्या पुढे तो कधीच उगवत नाही. पण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी, म्हणून ताऱ्यांच्या जागा बदलतात. टिळकांच्या कालगणनेत ध्रुवाकडचं घर सुटलं ते इसवी सनापूर्वी १०,००० ते ८,००० या दरम्यान. तेव्हा व्याध कुठे होता? माझ्या हिशोबाने आजच्यापेक्षा खूपच दक्षिणेला, साधारण ४५ ते ५५ अंश. म्हणजे त्या काळात ४५ अंश उत्तरेच्या वर कुठूनही व्याध दिसत नव्हता. फ्रान्सच्या बहुतेक भागातूनही नाही. ध्रुवाचं नावच सोडा. ज्यांना गणित नको असेल त्यांनी स्टेलेरियम उघडून तारीख मागे न्यावी.

मग जो तारा कधी क्षितिजावरच आला नाही, त्याची लढाई ध्रुववासीयांनी कशी पाहिली? कथा नंतर दक्षिणेत आल्यावर ताऱ्याला चिकटली असेल, हे उत्तर देता येतं. ते चालेलही. पण मग ती कथा ध्रुवाचा पुरावा राहत नाही.

याचं मला जरा वाईट वाटलं. कारण अक्षाच्या या डुलण्यावर, म्हणजे संपातचलनावर ‘ओरायन’ हे अख्खं पुस्तक टिळकांनीच उभं केलं होतं, आणि तेही व्याधाच्या शेजारच्या मृगावर. हत्यार त्यांच्या घरातच होतं. दहा वर्षांनी हेच गणित व्याधाला लावलं असतं, तर ही साक्ष त्यांनी स्वतःच बाजूला ठेवली असती असं मला वाटतं.

बर्फाचं वेळापत्रक

आता माझ्या कामाचा भाग. मी तळ्यांच्या गाळाचे थर मोजते. कुठल्या थरात जास्त पावसाच्या खुणा, कुठल्यात दुष्काळाच्या, असं बघत मागे जायचं.

टिळकांचं चित्र असं: दोन हिमयुगांच्या मधल्या काळात ध्रुव प्रदेश उबदार होता. मग बर्फ आलं, घर गेलं, लोक दक्षिणेला निघाले. त्यांच्या काळात भूशास्त्रज्ञांत भांडण होतं. हिमयुग संपून ८०,००० वर्षं झाली असं एक बाजू म्हणे, तर नायगारा धबधब्याच्या झिजेवरून अमेरिकन मंडळी दहाएक हजार वर्षं सांगत. टिळकांनी दुसरी बाजू घेतली, आणि हिमयुग कधी संपलं यापुरती ती बरोबर निघाली. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

अडचण पुढे आहे. ग्रीनलँडच्या बर्फातले थर सांगतात की सध्याचा उबदार काळ सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी सुरू झाला. म्हणजे इसवी सनापूर्वी ९,७०० च्या आसपास. टिळकांनी घर गोठल्याची जी वेळ दिली, तेव्हा प्रत्यक्षात बर्फ वितळत होतं. त्याआधीचा उबदार काळ संपला तो जवळजवळ १,१५,००० वर्षांपूर्वी. मधला सगळा काळ हिमयुगाचा. हिमयुग येणं आणि जाणं या दोन घटनांमध्ये एक लाख वर्षांचं अंतर आहे, आणि टिळकांच्या तक्त्यात त्या एकाच ओळीत बसल्यात.

कुणी म्हणेल, सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी हवा पुन्हा अचानक थंड झाली होती, तोच यिमाचा हिवाळा. त्या थंडीला यंगर ड्रायस म्हणतात आणि ती खरी आहे. पण तिच्या आधी ध्रुवावर वसंत नव्हता. गोठायला तिथे उबदार घरच नव्हतं.

यात टिळकांची चूक नाही. रेडिओकार्बनने वय काढण्याची पद्धत आली १९४९ मध्ये. त्यांच्या हातात जे होतं त्यावर त्यांनी डाव लावला. प्रश्न आपला आहे. आपल्या हातात सगळं असूनही आपण १९०३ चा निकाल पुढे पाठवतोय.

मग नातं कुठे आहे?

“म्हंजे पारशांचा आन् आपला काय संबंधच न्हाई?” आण्णांनी मधेच विचारलं होतं. आहे. आणि मेसेजमध्ये लिहिलंय त्यापेक्षा खूप पक्का आहे.

उसाच्या बिलाचा हप्ता आपण रोज बोलतो. तो फारसी ‘हफ्ता’, सात दिवसांचा आठवडा. म्हणजे संस्कृत ‘सप्त’चा सख्खा भाऊ. ‘हजार’ आणि ‘सहस्र’ तेच. खरेदीचा दस्त आणि आपला हस्त हेही एकाच मुळाचे. ‘जश्न’ आणि पारशांचा ‘जशन’ हे अवेस्तातल्या ‘यस्न’वरून आले, आणि यस्न म्हणजे यज्ञ. संस्कृत ‘स’ जिथे अवेस्तात ‘ह’ होतो तिथे तो नियमाने होतो: सोम-हओम, असुर-अहुर, सिंधू-हेंदु. संस्कृत ‘ह’चा ‘ज़’ होतो: हस्त-ज़स्त, अहम्-अज़ेम. मित्र आणि मिथ्र, होतृ आणि ज़ओतर. असे दहा-वीस नव्हे, शेकडो शब्द एकाच नियमाने हलतात. असा योगायोग होत नसतो.

आणि यिम? विवस्वानाचा मुलगा यम आणि वीवंघ्वंताचा मुलगा यिम हे एकच नाव. ‘यिम क्षएत’, म्हणजे तेजस्वी यिम, याचं पुढे झालं जमशेद. २१ मार्चचा जमशेदी नवरोज हा नावाने यमाचा सण आहे! आपल्याकडे यम मृत्यूचा राजा झाला, तिकडे मृत्यू नसलेल्या सुवर्णकाळाचा राजा. नावाचा मूळ अर्थ ‘जुळा’. स्कँडिनेव्हियाच्या पुराणकथेतला आदिपुरुष यिमिर याच शब्दाचा दूरचा नातेवाईक मानला जातो.

पण भाऊ म्हणजे मुलगा नव्हे. अवेस्ता वेदातून निघाला नाही आणि वेद अवेस्तातून नाही. दोघांच्या आधी एक सामाईक पिढी होती. अवेस्तात ‘दएव’ म्हणजे राक्षस आणि इंद्र त्यांच्यातला एक. भावाभावांचं बिनसल्यासारखं हे दिसतं. पुण्यात १८६० च्या दशकात संस्कृत शिकवणाऱ्या मार्टिन हाउग यांनी यावरून धर्मभेदाचा मोठा सिद्धांत मांडला होता. गाथा ही झरथुष्ट्राची स्वतःची रचना असून बाकीचं साहित्य नंतरचं, हे दाखवण्यातही त्यांचा मोठा वाटा. हा भेद महत्त्वाचा, कारण टिळकांची मुख्य साक्ष असलेला वेंदिदाद हा त्या नंतरच्या साहित्यातला.

ही सामाईक पिढी कधीची? चाक, आस, जू यांचे शब्द बऱ्याच युरोपीय-भारतीय भाषांत एकाच मुळाचे आहेत, आणि चाकाचे पुरावे इसवी सनापूर्वी ३,५०० च्या सुमारास मिळू लागतात. म्हणजे मूळ भाषा तोवर फारशी फुटलेली नसावी. पुढे आर्‍यांच्या रथांच्या संदर्भात ज्याचं नाव घेतलं जातं ती उरल पर्वताजवळची सिन्ताश्ता संस्कृती इसवी सनापूर्वी २,००० च्या आसपासची. तुर्कस्तानातल्या बोगाझकोयला सापडलेल्या मितान्नी तहात मित्र, वरुण, इंद्र, नासत्य ही नावं आहेत, आणि तो तह इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातला. त्यातल्या देवतांची ओळख १९०७ मध्ये जाहीर झाली, टिळकांच्या पुस्तकानंतर चार वर्षांनी. २०१९ मधलं प्राचीन डीएनएचं संशोधनही गवताळ प्रदेशातून दक्षिणेकडे आलेल्या लोकांचा काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकातच ठेवतं. ध्रुव यात कुठेच येत नाही.

सणांचं काय?

मेसेजच्या शेवटी होतं की पारशी नववर्ष श्रावणाच्या सुमारास येतं, म्हणून ते वैदिक आहे. याचं उत्तर साध्या हिशोबात आहे. पारशी शकाची सुरुवात राजा यज्दगर्दच्या राज्यारोहणापासून, १६ जून ६३२. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने १९ जून. त्यांचं वर्ष बरोब्बर ३६५ दिवसांचं, लीप दिवस नाही. म्हणजे चार वर्षांत एक दिवस मागे. २०२४ पर्यंत १,३९२ वर्षं झाली, दर वर्षी ०.२४२५ दिवस, एकूण सुमारे ३३८ दिवस मागे. ३६५ तून ३३८ गेले, उरले २७. एकोणीस जूनच्या पुढे २७ दिवस म्हणजे १६ जुलै. कदमी पंथाचं नववर्ष जुलैच्या मध्यालाच असतं! भारतातल्या पारशांनी मध्ययुगात एकदा एक अधिक महिना घातला. तीस दिवस वाढवा: १५ ऑगस्ट. हेच शहेनशाही नववर्ष, आपल्या सुट्टीच्या यादीतलं. (आपण त्याला पतेती म्हणतो, पण पतेती खरं म्हणजे आदला, पश्चात्तापाचा दिवस.)

म्हणजे श्रावणाची गाठ ही निव्वळ सरकत आलेल्या तारखेची आहे. काही शतकांपूर्वी हेच नववर्ष थंडीच्या दिवसांत येत होतं. सण ऋतूंना परत जोडावेत म्हणूनच १९०६ मध्ये फसली पंचांगाची चळवळ उभी राहिली आणि तिने २१ मार्च धरला.

वर्षअखेरच्या मुक्तादच्या दिवसांत पारशी घरांत पितरांचं स्मरण होतं, फुलं ठेवतात. आपला पितृपंधरवडा आठवतोच. हा समान वारसा असू शकेल. पण मेलेल्यांना वर्षातून एकदा जेवायला बोलावणं जपानातही आहे आणि मेक्सिकोतही. नुसतं साम्य पुरत नाही. नियमाने जुळणारा शब्द मिळाला तर नातं, नाहीतर शेजार. मला वाटतं, मेसेज आणि संशोधन यांच्यातला फरक इथेच आहे.

शेवटी

२०११ च्या जनगणनेत भारतात पारशी होते ५७,२६४. आमच्या पन्हाळा तालुक्यातली थोडी गावं मिळूनही एवढी माणसं होतील. इतक्या थोड्या लोकांनी संजाणला उतरल्यापासून अग्नी जपला, संकटात डहाणूजवळच्या बाहरोटच्या डोंगरातल्या गुहांत तो लपवून ठेवला, आणि आपल्याला त्यांचा धर्म कशासाठी हवा? तर आपलं जुनेपण सिद्ध करायला, साक्षीदार म्हणून. टिळकांच्या पुस्तकाचीही माझ्या दृष्टीने हीच खरी उणीव आहे. अवेस्ता त्यांनी मन लावून वाचला, पण फक्त आपल्या दाव्यापुरता. त्या गढीची गोष्ट सांगणाऱ्यांना थंडीत जनावरं जगवायची होती, बियाणं राखायचं होतं. ती माणसं त्या प्रकरणात मला दिसली नाहीत.

हे सगळं काल संध्याकाळी आण्णांना सांगितलं. व्याधाची आकृती वहीत काढून दाखवली. आण्णा बराच वेळ वही बघत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे लोकमान्य चुकले.”

मी म्हटलं, “आण्णा, त्यांनी कसोटी आधी लिहून ठेवली, म्हणून तर चूक सापडली. मेसेजात कसोटीच नसते.”

आण्णा हसले. म्हणाले, “थंडीत व्याध दावायला ये. कुठला तो, कधी नीट बघितलाच न्हाई.”

डिसेंबरात सुट्टी आहे. जोतिबाच्या डोंगराकडे तोंड करून उभं राहिलं आणि आभाळ मोकळं असलं, तर मृग शोधायचा. त्याच्या पट्ट्याचे तीन तारे जिकडे बोट दाखवतात, तिकडे खाली व्याध. कोडोलीतून तो छान दिसतो.